तोंडी पाणी

गोदावरीचा पूल ओलांडून ॲम्ब्युलन्स सिरोंच्याच्या हद्दीत शिरली तेव्हा ऊन तापायला लागलं होतं, आणि पुनमला काहीच वाटत नव्हतं. मागे पेटीत सुनिल होता. तिच्याच गावचा, तिच्याच गल्लीतला, तरी काही नाही. रडू यावं अशी तिची फार इच्छा होती. पण इच्छेनं कुठं पाझर फुटतो का?

पुनमची गोष्ट या भागात कुणाला सांगायला नको. नदीच्या वाळूत अनवाणी धावणारी ही पोरगी आठशे मीटरला देशात पहिली आली. गुडघ्यानं दगा दिल्यावर नागपुरात वकिली शिकली, थोडे दिवस काळा कोट घालून कोर्टात उभी राहिली, मग मोठी परीक्षा देऊन परराष्ट्र खात्यात गेली. आता आखातातल्या एका देशात आपल्या दूतावासात अधिकारी आहे. गावच्या शाळेत तिचा फोटो लावलाय, आणि त्याला चक्क हार घातलाय. बाई धडधाकट जिवंत आहे, पण गुरुजींना सांगणार कोण?

वाळूत तिच्यापुढे धावायचा तो सुनिल. त्याला गाठायचं, एवढाच तिचा सराव. सुनिलची आई बायनाबाई दोघांनाही एकाच गंजातली आंबील वाढायची. पुढे सुनिल मजुरीला गेला तोही पुनम होती त्याच देशात. भर उन्हात इमारतीवर काम करताना छाती धरून खाली बसला, तो उठलाच नाही.

तिकडे मेलेल्या मजुरांना घरी पाठवायचं काम पुनमकडेच होतं. आधी आधी ती प्रत्येकासाठी रडायची. पण मढी येतच राहिली, आणि रोज मरे त्याला कोण रडे. मग तिनं आपली एक पद्धत बसवली. शवागारात जायचं, पायाच्या अंगठ्याला बांधलेली चिठ्ठी वाचायची, पासपोर्टाशी ताडून पाहायची, सही करायची. तोंडावरची चादर उचलायची नाही. घरच्यांना फोनवर एकच वाक्य सांगायचं, "शांत झोपल्यासारखे दिसत होते." वाक्य कामाचं होतं. लोक त्यावर रडून मोकळे व्हायचे. सुनिलच्या वेळीही तिनं तेच केलं. फक्त नंतर रजा टाकली आणि पेटीबरोबर स्वतः निघाली. का निघाली, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

अंगणात पेटी उतरवली. बाया पुनमच्या गळ्यात पडून रडल्या. ती खांबासारखी उभी राहून त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

पोलीस पाटील भैयाजी पुढे आले. "मॅडम, पेटीवर लिवलं हाय, उघडू नाई म्हनून. तशीच न्याची का घाटावर?"

"तशीच न्या," पुनम म्हणाली. "नियम आहे."

बायनाबाई दारातून उठल्या. त्यांच्या हातात गोदावरीच्या पाण्यानं भरलेला तांब्या होता. उचलण्याआधी मेलेल्याच्या तोंडात नदीचं पाणी घालायचं, नाहीतर जीव तहानलेलाच जातो, हे गावात लेकरालाही ठाऊक. आणि सुनिल तर उन्हानं मेलेला.

"पुनम, बिड्डा," त्या म्हणाल्या. पोटच्या लेकीलाच तिकडं बिड्डा म्हणतात. "हा माह्याच सुनिल हाय ना?"

"तोच आहे, मावशी."

"तू पाह्यलं?"

"हो. शांत झोपल्यासारखा दिसत होता."

अंगणाच्या कोपऱ्यात शेजारच्या गावची अंजनाबाई बसली होती. ती हळूच बोलली. "माह्या भावाच्या टायमाले बी फोनवर एक बाई असंच बोलली होती. हेच शब्द. आमी पेटी तशीच जाळली. मंग आठ-पंधरा रोजानं फोन आला का मढं बदललं म्हनून. माहा भाऊ कुठी गेला, आजून नाई भेटला."

ती फोनवरची बाई कोण, हे पुनमशिवाय तिथं कुणालाच ठाऊक नव्हतं. तिचे कान तापले. बायनाबाई मात्र तिच्याकडेच पाहत होत्या.

"बिड्डा, तू पाह्यलं?"

वकिलाला अशा प्रश्नातून निसटायच्या दहा वाटा माहीत असतात, आणि दूतावासात तर त्याचाच पगार मिळतो. पुनमला त्यातली एकही सुचली नाही.

"नाई," ती म्हणाली. "चिठ्ठी वाचली फक्त. अंजनाबाईच्या भावाच्या टायमाले बी मीच होती."

अंजनाबाईनं पदर तोंडाशी धरला. कुणी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. कुणी दिल्या नाहीत. बायनाबाईंनी तांब्या पुनमच्या हातात दिला.

"मंग आता पाह्य," त्या म्हणाल्या. "माह्यानं नाई पाहवत. तू पाह्य, अन् मले सांग."

भैयाजींनी पेचकस मागवून स्क्रू काढले. झाकण सरकलं तशी माणसं नाकाला गमछा लावून मागे सरली. पुनम गुडघे टेकून बसली आणि तिनं चादर उचलली. चेहरा काळवंडला होता, सुजला होता, ओठ फाटले होते. तरी तो सुनिलच होता. इतकी वर्षं ती ज्याची नुसती पाठ पाहत धावली, त्याचं तोंड तिनं एवढ्या जवळून कधी पाहिलंच नव्हतं.

"सुनिलच हाय, मावशी."

बायनाबाईंचा श्वास सुटला. त्या पाठ फिरवून बसल्या होत्या. "मंग पाज त्याले."

पुनमनं त्याच्या ओठांवर धार धरली. ओठ मिटलेले होते. पाणी गालावरून ओघळलं आणि खालच्या कापडात जिरलं.

"गेलं का पोटात?" बायनाबाईंनी विचारलं.

चांगलं प्यायला, हे वाक्य पुनमच्या जिभेवर तयार होतं.

"नाई गेलं, मावशी. बाहेर आलं."

"मंग आजून टाक," बायनाबाई म्हणाल्या.

पुनमनं तांब्या पुन्हा वाकवला.