सुताराचं कोपर आणि बायकोची पिशवी

कोपर मोकळं झालं तर सुताराला त्याचा रंधा परत मिळणार होता. पण खरा फायदा होता त्याच्या बायकोचा. नऊ वर्षं तीच त्याच्या गळ्याचं बटण लावत होती, दाढी करत होती, वर करवतीचं दुसरं टोकही धरत होती. झिजलेला सांधा अर्ध्यावर अडकलेला. हात धड तोंडापर्यंत जाईना, धड सरळ होईना. तो सुटला की ती महिनाभर धाकट्या बहिणीकडे जाणार होती. बहीण त्यानंतर कायमची परदेशी निघालेली. पिशवी भरून तयार होती.

डॉक्टरांनी चार बारीक छिद्रं पाडली, दुर्बीण घातली, वाढलेलं हाड घासलं आणि सांध्यात अडकलेले खडे काढून डबीत दिले.

"बघ, माझा भुसा!" सुतार म्हणाला.

"एवढ्याशा खड्यांपायी मी राबले होय?"

घरी आल्यावर त्याने हळूच सांगितलं, "अगं, दिवसातून सहा वेळा हा हात कुणीतरी वाकवून सरळ करायचाय. नाहीतर परत आखडेल."

"किती दिवस?"

"सहा आठवडे."

पिशवी माळ्यावर गेली. बहिणीचा फोन आला, "ताई, निघालीस ना?"

"कुठली निघते! यांचं कोपर सुटलं, मीच अडकले."

बहीण गेली.

सहा आठवड्यांनी व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी कोन मोजला. "तीस अंश वाढले! काठी धरून स्वतःच करताय ना?"

"कसली काठी?" बायकोने विचारलं.

"यांना पहिल्याच दिवशी दाखवलं की! दुसऱ्याने ओढायचंच नसतं, सांधा चिडतो."

ज्याच्या दुकानात काठ्यांना तोटा नाही, तो सुतार छताचं लाकूड पारखू लागला.

"अहो, का केलंत असं?" तिने रस्त्यात विचारलं.

तो कोपर चोळू लागला. मग म्हणाला, "नऊ वर्षांत तू पहिल्यांदाच पिशवी भरलीस. परत आली नसतीस तर?"

घरी येताच तिने माळ्याकडे हात नेला. हात कानापर्यंत गेला आणि सहा आठवडे त्याचं कोपर ओढून दुखावलेल्या खांद्यात कळ येऊन थांबला.

"थांब, मी काढतो," म्हणत सुताराने हात सरळ वर नेला आणि अलगद पिशवी खाली ठेवली. त्याला तीस अंश मिळाले होते. तिचा खांदा गेला होता, बहीण गेली होती, आणि भरलेली पिशवी आता रिकामी करायचीही तिनेच होती.