रत्नदीपच्या तोंडातला धूर

बस जरा, रत्नदीपची गंमत सांगतो. कळव्याचा आपला रत्नदीप शिकायला स्कॉटलंडला गेलाय. तिथं त्याच्या खोलीतला हीटर महिनाभर बंद पडलाय आणि घरमालक नुसता उद्या-उद्या करतोय. पण हे आईला, शांताबाईला, कळता कामा नये. कळलं तर ती म्हणणार, मरू दे ते शिक्षण, घरी ये. म्हणून व्हिडिओ कॉल आला की पठ्ठ्या स्वेटर काढून बनियनवर बसायचा.

रविवारी शांताबाई म्हणाली, "रत्न्या, तोंडातून धूर कसला येतोय रे?"

कळव्यात कुणी कधी श्वासाची वाफ बघितलीय? थंडी कबूल करावी तर शिक्षण गेलं. तो म्हणाला, "सिगरेट ओढतो, आई."

"बापानं मरमर करून बिडी सोडली, आणि तू धरलीस? माझी शपथ घे, आजपासून बंद."

घेतली बिचाऱ्यानं. आता कॉल लागला की श्वास कोंडून नुसती मान हलवतो. शांताबाई चाळभर सांगत फिरते, पोरगं रुसलंय माझ्यावर.

तू संध्याकाळी जाणारेस ना तिच्याकडे? सांग तिला, पोरानं सिगरेट सोडली. थंडीचं तेवढं बोलू नकोस, बाबा.