गाठीचं नाव काढायचं नाही

थोरली रिबनवरून इस्त्री अशी दाबून फिरवत होती, की त्या सॅटिनच्या पट्टीने तिचं काय घोडं मारलं होतं कोण जाणे. हॉटेलच्या पलंगावर टॉवेल अंथरून ती सहा मीटरची रिबन वीतवीत पुढे सरकवत होती. रिबन धाकटीची होती. फायनलही धाकटीचीच होती. थोरलीच्या वाट्याला इस्त्री आली होती.

रिदमिक जिम्नॅस्टिक्समध्ये नियम असा, की एका देशाच्या दोनच मुली फायनलला जायच्या. पहिल्या फेरीत थोरली सगळ्या जगात पाचवी आली आणि आपल्याच संघात तिसरी. पुढे होती संघाची कप्तान, जिला सगळे लाडाने उंटीण म्हणत, आणि तिच्या पाठोपाठ धाकटी. थोरलीच्या खाली राहिलेल्या परदेशी मुली खुशाल फायनलला गेल्या. उंटिणीने हरवलं असतं तर थोरलीने चार अश्रू ढाळून विषय संपवला असता. पण जिला रिबनची काठी कशी धरायची हे तिने स्वतः शिकवलं, जी अजून झोपेत तिच्या अंगावर पाय टाकते, ती पाठची बहीण पुढे जावी हे काही घशाखाली उतरत नव्हतं.

"झाली का इस्त्री?" आत्या आत आली. आत्या म्हणजे दोघींच्या बापाची मोठी बहीण आणि संघाची कोच. मैदानावर तिला मॅडम म्हणायचं, घरी आत्या; ओरडा दोन्हीकडे सारखाच. "आणि हे बघ, हिच्या जादा रिबनच्या काठीला तडा गेलाय. तपासणीत नापास. तुझी पास करून आणलीय, तीच ठेवू. नीट गुंडाळून दे."

"माझी?"

"मग? तुला कुठे लागणार आहे आता?"

आत्या खोटं बोलत नव्हती, तेच तर वाईट होतं. थोरलीने आपली रिबन घेतली आणि दातओठ खात गुंडाळायला बसली. आरशासमोर धाकटी अंबाड्यात पिना खुपसत होती.

"ताई, सुटणार नाही ना गं?"

"नाही सुटत."

"तू बघितलंच नाहीस."

"बघितलं. छान दिसतेयस." आणि ती खरंच छान दिसत होती, मेली.

यांच्या घरात एक शब्द होता, ज्याला स्पर्धेच्या दिवशी बंदी होती: गाठ. हवेत फिरणाऱ्या रिबनला गाठ पडली, की संगीत पुढे जातं आणि मुलगी मागे राहते. मग एक तर ती सोडवत बसा, नाहीतर कडेला ठेवलेली जादा रिबन उचला. म्हणून आत्याने हुकूमच काढला होता, त्या दिवशी गाठीचं नाव काढायचं नाही. बुटाची लेस 'बांधायची', कोणाची 'भेट' घ्यायची, गाठभेट नाही. एकदा बापाने फोनवर कोणालातरी "गाठ माझ्याशी आहे" असं ठणकावलं, तर आत्याने त्याला फोनसकट जिन्यात काढलं होतं.

हॉलच्या बोगद्यात धाकटी पायाच्या चवड्यांवर उड्या मारत उभी होती. तिच्या आधीच्या मुलीचं संगीत संपत आलं होतं. थोरलीने तिच्या हातात काठी दिली, आणि का कोण जाणे, नाही, का ते तिला पक्कं ठाऊक होतं, अगदी शांतपणे म्हणाली, "एसीचा झोत फार आहे इथे. गाठ पडेल हं, सांभाळ."

धाकटीचा चेहरा खर्रकन उतरला. मान लांब करून तिने मैदानाकडे एकदा इकडून तिकडे पाहिलं आणि नाव पुकारल्यावर चालू लागली.

थोरलीला बरं वाटलं. अगदी मनापासून बरं वाटलं.

संगीत सुरू झालं. धाकटी नाचत होती आणि थोरली मनातल्या मनात म्हणत होती, पड, पड एकदाची. आणि उंच फेकलेली रिबन खाली येताना स्वतःतच गुरफटली. गाठ पडली. स्टेडियम हळहळलं. मागितलेलं इतक्या लवकर मिळेल असं थोरलीला वाटलं नव्हतं.

धाकटी सोडवत बसली नाही. दोन झेपांत ती डाव्या कडेला पोहोचली, गुंतलेली रिबन टाकली आणि थोरलीची उचलली. थोरली नकळत एक पाऊल पुढे सरकली. रागारागात आपण ती कशी गुंडाळली होती? काही केल्या आठवेना. धाकटीने मनगट झटकलं आणि रिबन या टोकापासून त्या टोकापर्यंत सळसळत उलगडली. वर्षानुवर्षांच्या सवयीच्या हातांनी आपलं काम चोख केलं होतं. मनाला कोणी विचारलंच नव्हतं.

धाकटीला कांस्य मिळालं.

"नाव काढलंस गं!" आत्या रडत होती. थोरलीने आत्याला रडताना कधी पाहिलं नव्हतं. तिच्यासाठी तर नाहीच.

धाकटी आत्याच्या मिठीतून सुटून थेट थोरलीकडे आली आणि तिच्या कानाशी लागली. "ताई, तू तो शब्द बोललीस म्हणून वाचले. सरावाला जादा रिबन नेहमी उजवीकडे असते ना? मी भीतीने कधी तिकडे बघतच नाही. तू बोललीस, म्हणून मुद्दाम बघितलं. आत जायच्या आधी शोधली, तर इथे डावीकडे! नाहीतर वेड्यासारखी उजवीकडे धावले असते." तिने डोळे पुसले. "आत्याचा नियम मोडायचा म्हणजे... माझ्यासाठी किती जीव तुटतो गं तुझा."

आयुष्यात पहिल्यांदा थोरलीने जीव तोडून कोणाचं वाईट चिंतलं होतं, आणि तेही धाकटीच्याच पदरात पडलं होतं. आता तिच्याकडे स्वतःचं म्हणावं असं काहीच उरलं नाही.

पदकाची पट्टी लांब होती. पदक धाकटीच्या पोटावर लोंबत होतं. तिने पाठ फिरवली आणि मान खाली घातली.

"आखूड कर ना जरा. आता म्हणायला हरकत नाही. गाठ मार."

थोरलीने दोन्ही टोकं हातात घेतली. सुरगाठ मारायला गेली, निरगाठ बसली.