रविवारची फेरी

मंगळवार, चार मार्च. सकाळपासून ढगाळ, वारा नाही, दुपारी दहा मिनिटं भुरभुर.

ही ओळ माझ्या एकशे बाराव्या पानावर आहे. मी नोंदवही बोलतेय. दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची, पाठीला काळी कापडी पट्टी. हवेशी माझ्या कामाचा काडीचा संबंध नाही. पण माझ्या मालकीणबाईंना तारखेमागून हवा लिहिल्याशिवाय पुढचं सुचतच नाही.

कारखान्यात माझ्यावर रेघा ओढल्या, तेव्हा वाटलं होतं, एखाद्या शाळेत हजेरी भरायला जाईन. आले ती डायलिसिस केंद्रात. इथे रक्त गाळणारी आठ यंत्रं आहेत आणि एकेक रुग्ण आठवड्यातून तीनदा चार-चार तास त्यांना जोडून घेतो. पाळीची वेळ बदलली की रुग्णाला निरोप जायला हवा. हे काम संगणकातल्या तीन प्रणाली आपसात वाटून करतात. पहिली बदल टिपते, दुसरी रोज पहाटे त्यांची यादी बनवते, तिसरी त्या यादीप्रमाणे निरोप धाडते.

तिघींची तीन तोंडं. प्रत्येक फेरीची नोंद त्या स्वतः ठेवतात, पण आपापल्या तऱ्हेने. पहिलीचं घड्याळ इथलं. दुसरीचं कुठल्याशा दूरदेशीचं, आपल्यापेक्षा कित्येक तास मागे. इथे पहाट झाली तरी तिच्याकडे कालचाच वार. तिसरी नुसतं ‘तीन तासांपूर्वी’ म्हणून मोकळी होते. आणि सात दिवस उलटले की तिघीही सगळं पुसून टाकतात.

म्हणून मी. केंद्रात सगळे माझ्या मालकीणबाईंना नोंदबाई म्हणतात. त्या रोज सकाळी तिघींच्या नोंदी वाचून, वेळा इथल्या घड्याळात बसवून माझ्यात उतरवतात. हे त्यांना कोणी शिकवलं नाही, सांगितलंही नाही. प्रणालींची जोडणी करणारा जोडणीवाला त्यांना हसायचा. “बाई, यंत्रं स्वतःच लिहितात की. तुम्ही कशाला हात झिजवता?”

बाई म्हणायच्या, “तुझी यंत्रं लिहितात रे, पण त्यांचं एकमेकींशी पटत नाही. कोणीतरी मध्ये बसायला हवं ना.”

त्यांनी माझ्यात एक रकाना स्वतःच्या डोक्याने आखला होता: ‘किती?’ कारण दुसऱ्या प्रणालीला एक वाईट खोड आहे. हाती काही लागलं नाही, तरी ती ‘यशस्वी’ असंच लिहिते. रिकामी पाटी घेऊन बाजारातून परतावं आणि बाजार झाला म्हणून सांगावं, तसं.

चौदा मार्चला, शुक्रवारी, एक मुलगी तक्रार घेऊन आली. तिचे वडील टपाल वाटून निवृत्त झालेले. केंद्रात त्यांना पोस्टमनकाका म्हणतात. सोमवारी, तीन तारखेला, ते दुपारी दोनला आले. त्यांची पाळी सकाळी दहावर आणली होती, हे त्यांना कळलंच नव्हतं. यंत्र रिकामं नव्हतं, त्यांना परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी दम लागून ते रुग्णालयात गेले आणि तीन दिवस तिथेच राहिले.

निरोप पोचला नाही की त्या रुग्णाला फोन करायचं काम फोनताईचं. व्यवस्थापकांनी तिलाच धरलं. प्रणाली यशस्वी चालली होती, तेव्हा हिनेच कंटाळा केला, असं त्यांचं म्हणणं. तिला सोमवारपासून येऊ नको म्हणून सांगितलं. ती म्हणत राहिली की न पोचलेल्यांची यादी तिच्याकडे आलीच नव्हती. जोडणीवाल्याने शोधलं, नोंदी सात तारखेपासूनच्याच उरल्या होत्या.

मग मला टेबलावर उघडलं. सोमवारच्या ओळीत लिहिलं होतं: यादी यशस्वी, किती? चौदा. व्यवस्थापकांनी त्यावर बोट ठेवलं आणि फोनताईकडे पाहिलं. ती रडवेली झाली होती, पण नजर माझ्यावरून हलली नव्हती.

“बाई, रविवारी केंद्र बंद असतं. त्या दिवशी यादी बनते का?”

नोंदबाई सवयीने म्हणाल्या, “नाही गं, रविवारी फेरी नसतेच.”

“मग ही रविवारची ओळ कसली? यशस्वी, शून्य?”

माझं पान बाईंच्या हाताखाली होतं. तो हात त्या ओळीवर येऊन थांबला. रविवारच्या त्या ओळीनंतर सोमवार होता, चौदाचा. त्यानंतर मंगळवार, आणि त्याचा ‘किती?’चा रकाना कोरा.

त्या सोमवारी बाईंच्या आईच्या डोळ्याची शस्त्रक्रिया होती. बाई मंगळवारी आल्या आणि दोन दिवसांचं एका बैठकीत उतरवलं. दुसऱ्या प्रणालीचे वार तसेच्या तसे टिपले, तास मिळवायचे राहिले. रविवारी केंद्र बंद, म्हणून ते शून्य त्यांना खटकलं नाही. ते शून्य सोमवारचं होतं, आणि चौदा मंगळवारचे.

बाईंनी मान्य केलं नसतं तरी चाललं असतं. त्यांचं अक्षर सोडलं तर कुठेच पुरावा नव्हता.

“सोमवारी यादीच बनली नाही, साहेब,” त्या म्हणाल्या. “हिला काय कळणार? मला मंगळवारी कळायला हवं होतं. मी वार चुकवला.”

त्यांनी लाल शाईने माझ्यावर दोन बाण काढले आणि खाली सही केली. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्यात खाडाखोड केली नव्हती. मला ते बाण टोचले नाहीत, एवढंच सांगते.

आता वार कळला होता, तेव्हा जोडणीवाल्याने पाळ्यांच्या तक्त्यातले जुने बदल काढून पाहिले. शनिवारी संध्याकाळी एका रकान्याचं ‘वेळ’ हे नाव ‘वेळा’ केलं होतं, सोमवारी दुपारी पुन्हा ‘वेळ’. नाव ओळखीचं नसल्याने पहिल्या प्रणालीला एकही बदल सापडला नव्हता. दोन्ही बदल व्यवस्थापकांच्या खात्यातून झाले होते.

फोनताई तिच्याच खुर्चीवर आहे. नोंदबाईंना लेखी समज मिळाली. तिची प्रत माझ्या शेवटच्या पानाला चिकटवली आहे. व्यवस्थापकांना समज मिळालेली नाही. यादीत शून्य आलं तर प्रणाली आता ‘यशस्वी’ लिहीत नाही, फोनताईला कळवते. पोस्टमनकाकांची पाळी सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी दहा.