सारं सुईच्या माथी

सिंधूताईनं अंगणात सडा टाकून बादली अजून खाली ठेवली नव्हती, तर नत्थूजी कुंपणाशी येऊन उभा राहिला आणि न विचारता त्यानं धोतर गुडघ्याच्या वर ओढलं.

"हे पाह्य वं सिंधू. सुजून भोपळा झाला. तुह्या सुईपायी."

सिंधूताईनं पाहिलं. लग्न होऊन ती टेंभुरखेडीत आली, त्याच्या आधीपासून हा गुडघा सुजत होता. जवानीत नत्थूजी पोळ्याच्या दिवशी दारू पिऊन बैलावर बसला आणि बैलानं त्याला वेशीतच उतरवून दिलं, ही गोष्ट गावातलं शेंबडं पोरही सांगे.

"भाऊजी, सुई दंडात देल्ली होती," ती म्हणाली. "घुटन्यात कशी गेली?"

"उतरली. पानी उताराकडंच जाते ना?"

तिनं घरातून दुखण्याची गोळी आणून दिली. नत्थूजीनं ती तोंडात टाकली, वरून तिच्याच घरचं पाणी प्याला आणि शिव्या देत देत निघून गेला.

सिंधूताई गावची आशा सेविका. दिवस कोणाला गेले, बाळंत कोण झालं, कोणाच्या लेकराला कोणती सुई राहिली, हे सारं तिच्या तोंडी. करोनाच्या साली वरून सुईचा हुकूम आला तेव्हा तिनं घर न् घर पालथं घातलं होतं. माणसं तिला पाहून संत्र्याच्या बागेत पळत. बाया आतून कडी लावून सांगत की घरात कोणीच नाही. मग कन्हान नदीच्या काठावर चिता विझेनाशा झाल्या, तशी तीच माणसं शाळेपुढं रांगेत धक्काबुक्की करू लागली, आणि सुया संपल्या की सिंधूताईच्या नावानं बोंब मारू लागली. आधी सुई आणली म्हणून शिव्या, मग सुई आणली नाही म्हणून शिव्या. ज्याचं करावं बरं, तो म्हणतो माझंच खरं.

पुढं रोग निवला, लोक विसरले. तीन-चार वर्षं गेली आणि मोबाईलवर कायकाय यायला लागलं. सुईनं असं होते, सुईनं तसं होते. झालं, गावाला एकदम दुखणं फुटलं. चंपतराव, गावचा माजी सरपंच, सांगू लागला की सुईपासून त्याला काही आठवत नाही. निवडणुकीत दिलेले शब्द तर तो सुईच्या कितीतरी आधीपासून विसरत होता. एकाची म्हैस फळेना. म्हशीला कोणी सुई दिली नव्हती, पण दूध काढणाऱ्यानं दोन्ही घेतल्या होत्या ना. सिंधूताईनं सावनेरच्या डॉक्टरीणबाईंना विचारून घेतलं. त्या म्हणाल्या, लाखांत एखाद्याला त्रास झाला, खोटं काहून बोलू. पण झाला तो सुई घेतल्यावर थोड्या आठवड्यांत. इतक्या वर्षांनी गुडघा नाही सुजत. सिंधूताईनं हे गावात सांगून पाहिलं. लोकांनी ऐकून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गुडघे घेऊन आले.

तिला याचं फारसं काही वाटत नसे. मातीच्या घराला पोपडे यायचेच. पण कापसाच्या वेचणीत सुशील गेला, आणि मग तिला वाटायला लागलं.

सुशील म्हणजे शेजारच्या सखूबाईचा एकुलता एक. दोन घरांत एकच भिंत, आणि त्या भिंतीवरून भाजीच्या वाट्या इतक्या वर्षं ये-जा करत होत्या की कोणती वाटी कोणाची हेच कळेनासं झालेलं. पोरगा कामाचा. सावनेरकडच्या खाणीत ठेकेदारीवर जाई, उरल्या वेळात घरचं वावर पाही. वैभवीशी लग्न उशिरा झालं. लेक झाली, ती अजून बसायला शिकत होती. त्या दिवशी व्यापाऱ्याचा पिकअप दाराशी लागला. सुशीलनं पाठीवर गठोडी वाहून गाडी भरली, शेवटचं गठोडं वर दिलं, आणि छातीवर हात ठेवून चाकाशी बसला तो बसलाच. लोकांना वाटलं दम खातोय.

मसणवटीत सारं गाव गोळा झालं. कोणीतरी हळूच म्हणालं, एवढा तरणा माणूस असा कसा जाते? आणि घरी बायांच्या गराड्यात सखूबाईनं छाती पिटून टाहो फोडला, "माह्या लेकाले सुईनं खाल्लं वं बाई."

रडणाऱ्या बायांचे डोळे एकाएकी कोरडे झाले आणि सिंधूताईकडं वळले.

सिंधूताई तिथंच बसून राहिली. तिच्या पोटात जे होतं ते ओठांवर आणायची ती जागा नव्हती. सुशीलनं सुई घेतलीच नव्हती. खाणीच्या ठेकेदारानं सुईचा दाखला असल्याशिवाय फाटकातून आत घ्यायचं नाही असं सांगितलं होतं, म्हणून तो शाळेत रांगेला लागला. नाव पुकारलं, कंप्युटरवरच्या माणसानं ते चढवलं, आणि सुशीलनं सुई पाहिली आणि मागच्या भिंतीवरून पसार झाला. एवढा गडी, खाणीत उतरणारा, पण सुईला भ्यायचा. संध्याकाळी काकू काकू करत आला, कोणाले सांगू नका म्हणाला. सिंधूताईनं त्याला दहा शिव्या दिल्या आणि चूप बसली. त्या वेळी वरून सारखी विचारणा होई, किती झाले, किती झाले. तिलाही एक माणूस जास्त झालेला बराच होता.

आता ते चूप बसणं तिच्या गळ्याशी आलं. संक्रांतीचं हळदीकुंकू झालं, तिला कोणी बोलावलं नाही. नळावर ती गेली की बाया आपले पाण्याचे गुंड अर्धे भरलेले उचलून निघत. भिंतीवरची वाटी बंद झाली. हेही तिनं गिळलं असतं. पण लेकरांच्या सुयांचा दिवस आला, नर्सबाई शाळेच्या वरांड्यात पेटी घेऊन बसली आणि उन्हं उतरेपर्यंत एक माय फिरकली नाही. पुढच्या महिन्यातही तसंच झालं. चंपतराव मारुतीच्या ओट्यावर बसून सांगू लागला की शाळेत सुयांचं काम होऊच द्यायचं नाही, गाव मिळून ठराव घेऊ. ही गोष्ट मात्र त्याला रोज आठवे. आणि नदीपलीकडच्या गावात गोवर निघाला असल्याची बातमी आली.

सिंधूताईचा नवरा रुपराव कमी बोलणारा माणूस. तो म्हणाला, "सांगून टाक. मेलेल्याले काय फरक पडते?"

"त्याले नाई पडत. मायले पडते ना."

"मंग जन्मभर शिव्या खाशीन?"

शिव्यांचं तिला नव्हतं. तिला वेगळंच लागत होतं. पोरानं खरंच सुई घेतली असती तर निदान आपल्या हातून काही झालं असं समजून तिनं शिव्या खाल्ल्या असत्या. घेतली असती तरी तो वाचला असता असं नव्हे. छातीच्या दुखण्याला ती सुई काय करणार? पण जी दिलीच नाही, तिच्यापायी खुनी ठरायचं. वड्याचं तेल वांग्यावर काढतात तेव्हा निदान वडा तरी असतो.

शेवटी तिनं ठरवलं. ओट्यावर नाही, आधी सखूबाईला सांगायचं. कोणी नसताना.

सखूबाई वावरात फरतड वेचत होती, झाडाला शेवटी राहिलेला किडका, पिवळा कापूस. काळी जमीन भेगाळून गेली होती, आणि वाळलेल्या पऱ्हाटीची बोंडं हाताला ओरबाडत होती. सिंधूताई शेजारच्या तासाला, पऱ्हाटीच्या ओळीला, लागली आणि वेचू लागली. सखूबाईनं तिला जा म्हटलं नाही, ये म्हटलं नाही. दोघी तासाच्या शेवटापर्यंत गेल्या, तिथून वळल्या. सिंधूताईनं दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं.

मग सखूबाईच बोलली. हात थांबले नाहीत.

"सांगाले आली ना तू? नको सांगू. मले मालूम हाय. त्यानं सुई घेतली नोयती."

सिंधूताईच्या हातातला कापूस तसाच राहिला.

"शाळेच्या भितीवरून उडी मारली तं पॅन्ट फाटली त्याची. मीच शिवून देल्ली. हासू हासू सांगत होता, माय, दाखला भेटला अन् सुई वाचली. मीबी हासली."

"मंग वैनी, काहून असं..."

"आयक." सखूबाई उठून उभी राहिली. गावाकडं पाहत बोलू लागली, जसं काही तिथं कोणी ऐकत होतं. "त्या रोजी सकाळी उठला तं म्हने, माय, छातीत जळजळ करून राहिलं, हात भरून आला. सावनेरले दाखवून येतो. मी म्हनलं, पिकअप दारात उभा हाय, थो व्यापारी काय तुह्या बापाचा नोकर हाय थांबाले? मी त्याले ओवा देल्ला. अन् म्हनलं, गाडी भर, मंग जाजो."

वारा नव्हता. पऱ्हाटी जागच्या जागी उभी होती.

"त्यानं भरली. मायचं आयकलं त्यानं. आता गाव इचारते, वैभवी इचारते, कायनं गेला? काय सांगू वं मी? सूनबाईले सांगू का, ओवा देऊन धाडला म्हनून? रातंदिवस एकाच घरात राहतो आमी."

सिंधूताई एवढंच म्हणाली, की छातीचं दुखणं असतं तसं, जळजळ कोणालाही होते, कोणाला कळलं असतं?

"तुले कळलं असतं," सखूबाई म्हणाली. "भितीच्या पल्याड तं होती तू. हाक मारली असती तं आली असती. पन नाई मारली." मग खाली बसून ती पुन्हा वेचू लागली. "सुईले काय दुखते, सिंधे. तिच्या माथी टाकलं तं तिले काई होत नाई."

"अन् मले?"

"तुले होते." सखूबाईनं पहिल्यांदा तिच्याकडं पाहिलं. "पन तू सोसशीन. मले सोसनार नाई."

सिंधूताईला राग यावा अशी ती गोष्ट होती, आणि तो आलाही. पण समोरची बाई एका झाडावरून दुसऱ्यावर अशी सरकत होती की जणू हात थांबले तर ती तिथंच कोसळेल. सिंधूताईनं राग गिळला. आपल्या ओटीतला कापूस तिच्या गठोड्यात ओतला.

"माहं जाऊ द्या वैनी," ती म्हणाली. "पन पोट्ट्यायचं काय? नदीपल्याड गोवर निंगला. एक माय आपलं लेकरू आनत नाई. तुमच्या नातीचीबी सुई राह्यली हाय. गोवर काई नाव इचारून येत नाई."

सखूबाई गठोडं डोक्यावर घेऊन धुऱ्यानं, वावराच्या बांधावरून, चालू लागली.

घरी रुपरावनं विचारलं. सिंधूताईनं सारं सांगितलं. तो म्हणाला, "मंग नको सांगू." एवढं बोलून तो बैलाला पाणी दाखवायला गेला.

पुढच्या सुयांच्या दिवशी नर्सबाई पेटी घेऊन वरांड्यात बसली. सिंधूताईनं सतरंजी टाकली. शाळेसमोरच्या नळावर बाया पाणी भरत होत्या आणि इकडं पाठ करून उभ्या होत्या. चंपतराव मुद्दाम फाटकाशी येऊन बसला होता. कोण येते ते पाहतो, म्हणाला.

दुपार व्हायच्या आत सखूबाई आली. काखेत नात, मागं डोक्यावरून पदर घेतलेली वैभवी. फाटकातूनच तिनं तोंड सोडलं. ह्या सिंधीनं माझं घर बुडवलं, हिच्या हाताला कोड फुटो, हिनं माझ्या लेकाला रांगेत उभं केलं. नळावरच्या बाया वळल्या. पाणी वाहून जाऊ लागलं. शिव्या देत देत सखूबाई पायऱ्या चढली आणि सतरंजीवर मांडी घालून बसली.

चंपतरावाला काही उमजेना. तो म्हणाला, "अवो सखूबाई, लेक गेला सुईनं, अन् नातीले घेऊन तिथंच बसली?"

"थे सुई अलग होती," सखूबाई म्हणाली. "घाईघाईची. हे जुनी सुई हाय, गोवराची. माह्या सुशीलनं घेतली होती लहानपनी, काई झालं नाई त्याले. तुमाले ठाव नसन तं चूप बसा."

सुशीलच्या मायनं सांगितल्यावर पुढं कोणी काय म्हणावं? नळावरच्या एकीनं गुंड तिथंच टेकवला आणि घराकडं गेली. परत आली ती लेकरू घेऊन. मग दुसरी गेली. चंपतराव थोडा वेळ बसला, मग त्याला काहीतरी काम आठवलं.

नर्सबाईनं सुई भरली. पोरीनं ती पाहिली आणि भोकाड पसरलं, अंग ताठ केलं, बापासारखीच मागं पळायला पाहू लागली. वैभवीनं डोळे मिटून घेतले. सखूबाईनं एका हातानं पोरीला छातीशी आवळलं, दुसऱ्या हातात तिचा एवढासा दंड पकडला, आणि सिंधूताईच्या तोंडाकडं पाहत मोठ्यानं सुरूच ठेवलं, "हिनंच खाल्ला माहा लेक. साऱ्या गावानं आयका, हिनंच खाल्ला."

रांगेतल्या बायांनी माना हलवल्या. सिंधूताई गुडघ्यावर खाली बसली आणि पोरीचे पाय धरले.

"हो वैनी," ती म्हणाली. "दंड घट्ट धरा."