लेकीच्या घरचा घास

माझी आई ठाण्याहून माझ्याकडे डोंबिवलीला यायची ती स्वतःचा फिरकीचा तांब्या आणि स्वतःचा डबा घेऊन. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, हा आमच्याकडचा रिवाज. माझ्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि पाळणा काही हलला नव्हता. आमचे हे बिचारे म्हणायचे, "सासूबाई, निदान चहा तरी?" ती हसून तांब्याची फिरकी उघडायची. मला त्या तांब्याचा असा राग यायचा, की नेऊन रुळांवर ठेवावा. अर्ध्या डोंबिवलीला मी जेवू घातलं असेल. एक माझी आईच कधी माझ्या पानावर बसली नव्हती.

मग तिला मधुमेह निघाला. ठाण्याच्या दवाखान्यात दर शनिवारी म्हाताऱ्या रोग्यांचा वर्ग भरे. प्रत्येकानं घरचं एक माणूस बरोबर आणायचं, अशी अट होती. वहिनीला पोराबाळांतून सवड नव्हती, म्हणून मी जाऊ लागले. खरं सांगते, मला तो वर्ग सणासारखा वाटे. आईच्या मांडीला मांडी लावून तासभर बसायला लग्नानंतर मिळालंच होतं कुठे?

डॉक्टर रोग समजावून सांगत. कलावतीबाई नर्स सुई उकळून दाखवत, मोसंब्यावर टोचायला शिकवत. लघवीत निळं औषध घालून त्या दिव्यावर तापवत. रंग विटकरी झाला, की आदल्या दिवशी कुणी गोड हाणलं ते पंचांसमोर उघडं पडे. आणखी एक बाई तराजूत भाकरी मोजून प्रत्येकाला त्याचा वाटा दाखवत. आणि चौथा मास्तर म्हणजे धाकू म्हातारा. मिठागरावर जन्म गेलेला, स्वतः रोगीच, पण डॉक्टर त्यालाच बोलायला उभा करत.

"सुई घेतली नं मिठागरान गेलू, जेवलू नाय," धाकू सांगे. "घाम फुटला, हात कापाया लागलं, बायकोला वलखी ना. तिनं तोंडान साखर कोंबली म्हनून वाचलू."

"ऐकलंत ना?" कलावतीबाई म्हणत. "सुई टोचली की अर्ध्या तासात जेवायचं. आणि कनवटीला साखरेची पुडी कायम हवी."

आई मान डोलवायची. पण शहाण्या माणसाचं घोडंही कधी पेंड खातंच.

एका रविवारी सुई टोचून घेऊन ती तशीच निघाली. डबा माझ्याकडे पोचून खायचा बेत होता. डबा राहिला ठाण्यात, चुलीपाशी. हे तिनं मला सांगितलंच नाही. "खाऊन आलेय गं," म्हणाली. शेजारच्या शालूचं पोर रडत होतं. आईनं ते उचलून छातीशी धरलं आणि कनवटीची पुडी सोडून त्याला सगळी साखर चाटवली. तेव्हाची तिची नजर मला बघवेना. मी उगाच स्वयंपाकघरात जाऊन भांडी लावत बसले.

बाहेर आले तर शालू पोराला घेऊन गेली होती आणि आई भिंतीला टेकून बसली होती. चोळी घामानं भिजलेली, हात थरथरणारे.

"आई, डबा कुठाय तुझा?"

ती रिकामी पिशवी चाचपत राहिली. धाकू म्हातारा माझ्या डोळ्यांपुढे उभा राहिला. मी धावत जाऊन पेल्यात साखरपाणी कालवलं आणि तिच्या ओठांना लावलं. तिनं दात मिटून घेतले.

"तुझ्या घरचं नको गं."

"चुलीत घाल तो रिवाज!" मी किंचाळले आणि मला रडूच कोसळलं.

ती माझ्याकडे परक्यासारखी बघू लागली. "कलावतीबाई," ती पुटपुटली, "माझी मंदा नाही का आली आज?"

डोळे पुसून मी म्हटलं, "येतेय ती. हा दवाखाना आहे, आजी. तोंड उघडा बघू."

आई गुणी मुलीसारखी सगळं प्यायली.

हळूहळू घाम निवला, नजर ठिकाणावर आली. तिनं हातातला पेला निरखून पाहिला. माझ्या रुखवतातला पेला तो, तिनंच माझं नाव घालून दिलेला. बराच वेळ ती त्या नावावरून अंगठा फिरवत राहिली.

"मंदा, पान वाढ," ती म्हणाली. "आता आणखी कुठवर वाट बघायची?"

हे ऐकायला मी इतकी वर्षं तळमळले होते. आणि ऐकलं तेव्हा वाटलं, नको गं आई, अजून थोडी बघ ना वाट. पण मी उठून पान मांडलं. वर्गात दाखवलेली तेवढीच भाकरी मी मोजून वाढली आणि तिच्यासमोर बसले. आई सावकाश, चवीनं जेवली. तिचा भरलेला तांब्या दाराशी तसाच होता. जेवण झाल्यावर तिनं माझ्या माठातलं पाणी मागितलं.