प्रतापगडाच्या पलीकडून आलेला आवाज

भूमेश्वरी पटले गोंदिया जिल्ह्यातल्या सडक अर्जुनीची. बेंगळुरूच्या एका कंपनीत ती वायरलेस संचांसाठी डिकोडर बनवायची. हवेतून येताना संदेशातले काही अंक बिघडतात. सोबत पाठवलेल्या जादा अंकांवरून ते दुरुस्त करणारं सर्किट म्हणजे डिकोडर. जुनं सर्किट दुरुस्तीच्या ठरलेल्या सगळ्या फेऱ्या मारायचंच, संदेश आधीच दुरुस्त झालेला असला तरी. बोर्ड तापायचा, बॅटरी उतरायची. भूमेश्वरीचं सर्किट संदेश जुळला की तिथेच थांबायचं. आकडेमोडही तिने बरीच छाटली होती.

"प्रयोगशाळेत ठीक आहे," तिचे वरिष्ठ घनश्यामसर म्हणाले. "सिग्नल कमजोर झाला की हे टिकणार नाही."

"मग माझ्या गावाकडे चला, सर. तिथे डोंगराआड फोनसुद्धा लागत नाही."

२०१२च्या हिवाळ्यात दोघं तिच्या गावाकडच्या प्रतापगड डोंगरापाशी आले. पाठवणारा संच घेऊन सर डोंगराच्या पलीकडे गेले. सतत बोलणारं कुणीतरी हवं होतं, म्हणून भूमेश्वरीची आई शामकला त्यांच्यासोबत गेली. अलीकडे, पायथ्याशी, भूमेश्वरी बोर्ड लावून बसली.

आईचा आवाज आला, पण तुकड्यातुकड्यांनी. एक शब्द धड कळेना. थोड्या वेळाने गाडीने वळसा घालून दोघं परत आले.

"जुनंच डिझाइन लावू," सर म्हणाले.

"दुपारपर्यंत थांबा, सर."

लॅपटॉप मांडीवर घेऊन ती एकेक फेरी तपासू लागली. शेवटी घोळ सापडला. छाटलेल्या आकडेमोडीमुळे सर्किट प्रत्येक अंकाची नको तेवढी खात्री धरत होतं, आणि चुकीच्या अंकावरही अडून बसत होतं. ती खात्री पाऊणपट करायला हवी होती. पण त्यासाठी गुणाकाराचं सर्किट घातलं, की केलेली बचत गेली.

गुणाकार कशाला? सर्किटात संख्या शून्य आणि एक या दोनच अंकांत लिहिलेली असते; ती दोन घरं उजवीकडे सरकवली की पाव होते. ही पाव मूळ संख्येतून वजा केली की पाऊण उरते. एका वजाबाकीचं काम!

तिने लॅपटॉपवरून नवं डिझाइन बोर्डात भरलं. सर आणि आई पुन्हा पलीकडे गेले.

"आयकून राहिली का वो भूमे?" स्वच्छ आवाज आला. "सर म्हणून राहिले, बोलत राहा. काय बोलू? माही पोरगी बेंगलोरले मशीन बनवते. दहावी झाली तवा सारे म्हणत, लगन करून टाका. मी म्हटलं, काऊन? शिकन ते अजून!"

एकही शब्द तुटला नाही. भूमेश्वरीने बोर्डावर हात ठेवला. जेमतेम कोमट होता. तिचे डोळे भरून आले, आणि पाहायला कुणी नव्हतं म्हणून तिने ते पुसलेही नाहीत.

सरांनी परत येऊन बॅटरी मोजली. जुन्यापेक्षा निम्मीच उतरली होती. "अहवालावर पहिलं नाव तुझं," ते म्हणाले. "आणि मी चुकलो होतो, हेही लिहीन."

परतताना तिघं कोहमाऱ्याच्या ढाब्यावर चहाला थांबले. ओळखीच्या ढाबेवाल्याने शामकलाला विचारलं, "काकू, हे साहेब काय तपासाले आले?"

"माह्या पोरीचं काम पाहाले आले," शामकला मोठ्याने म्हणाली. आजूबाजूच्या खाटांवरचे ट्रकवाले वळून पाहू लागले. घनश्यामसरांनी हसून मान हलवली.